शेपटाने शेवटी जेवायचं

आमच्या घरात डोंगरावर सगळ्यात शेवटी पोचणाऱ्याला शेपूट म्हणतात. शेपटाने बाकीच्यांचं खाऊन होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. पाठ करून बसायचं, मग उरलंसुरलं खायचं आणि सगळ्यांचे डबे घासायचे. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. आठवडाभर बँकेत लोकांच्या सह्या तपासायच्या आणि रविवारी पुण्यातल्या आपल्या कॉलनीतली पोरंबाळं, शेजारीपाजारी, स्वतःची बायकोसुद्धा गोळा करून गडावर न्यायची, असा त्यांचा जन्मभराचा उद्योग. अजून लोक वाकून नमस्कार करतात त्यांना. "तुमच्यामुळे आम्हाला शिस्त लागली," म्हणतात. लागली असेल मेली. मला त्या शिस्तीत पाठ करून बसलेली उपाशी पोरंच दिसतात.

माझ्या वाट्याला हा नियम आला तो जर्मनीत. गेल्या दशकाच्या मधली वर्षं. नवरा इंगोलश्टाटला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होता. एखादा पार्ट मशिनवर चढवायचा आणि किती हादरे खाऊन तुटतो ते बघत बसायचं, हे त्याचं काम. कामाचा गडी होता, तक्रार नाही. पण ऑक्टोबर लागला की त्याच्या अंगात यायचं. तिथल्या लोकांच्याही येतं म्हणा. पानं पिवळी झाली, ऊन पडलं की घरात बसणं हा जणू गुन्हा. सोमवारी जिन्यात शेजारीण विचारायची, काल कुठे गेला होता? कुठेच नाही म्हटलं तर आपल्याकडे कुणी आजारी आहे का, असं तोंड करायची. त्यामुळे दर रविवारी बूट, सॅक, थर्मास, आणि चला.

मी नेहमीची शेपूट. चढ आला की माझा भाता सुरू. पण थालीपिठं मी उठून थापलेली, ठेचा मी वाटलेला, दही मी विरजलेलं. मी वर पोचले की सगळ्यात आधी डबा उघडायची आणि सगळ्यांच्या तोंडासमोर बसून खायची. नवरा म्हणायचा, "अगं, नियम!" मी म्हणायचे, "नियम तुझ्या बापाचा, डबा माझा." हे धाडस माझं एकटीचं नव्हे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं, "तू आपली आधी जेवत जा गं." एवढंच. बाकी कसला उपदेश त्यांनी मला कधी केला नाही. हाही का केला ते तेव्हा कळलं नव्हतं.

मुलगी दुसरीत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. आपण होऊन मराठी दोनच शब्द बोलायची, भूक आणि शेपूट. शेपूटमधला ट तिला यायचा नाही, शेपुत म्हणायची. तिथल्या पोरांसारखी बापाला पापा म्हणायची आणि मला, आईला, मामा. ती मागे राहिली की तिचा बाप हसत हसत म्हणायचा, "आज कोण शेपूट?" आणि तिचा चेहरा एवढासा व्हायचा. मग मी तिला मांडीवर घेऊन पहिला घास भरवायची. बापाने कितीही डोळे वटारले तरी. मला एवढंच हवं होतं हो, की ही रीत माझ्या पोरीच्या अंगाला लागू नये. भूगोल कच्चा राहू दे, मराठी बोलली नाही तरी चालेल, पण भुकेल्या माणसाला पाठ करून बसवणं तिला सुचू नये.

सासूबाई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सासरे आमच्याकडे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. एअरपोर्टवरून घरी पोचून चहा घेतला, बॅग उघडली. भडंग निघालं, शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले त्यांचे ते कॅनव्हासचे हंटर शूज. तळ पार गुळगुळीत झालेला. "याच्याबरोबर एक खरा डोंगर चढायचाय," मुलाकडे बोट करून म्हणाले. "तुमचे आल्प्स का काय ते. लहानपणी फार मागे राहायचा. आता बघू."

जेवताना नातीला त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलेय. तुझा बाप दहा वर्षांचा होता. हा एवढा गोल. गडाच्या पायऱ्यांवर दर पायरीला फुस्स करायचा, प्रेशर कुकरसारखा. शेपूट ठरला. सगळ्यांनी खिचडी खाल्ली आणि याला मिळाली पातेल्याच्या बुडाची खरवड. रडत रडत खाल्ली, पण खाल्ली! म्हणून आज बघ कसा सडपातळ झालाय. पोरगी खदखदून हसली. "पापा शेपुत!" असं ओरडून तिने टेबलावर हात आपटले. नवरा ताटाकडे बघून जेवत होता. हसला नाही, रागावलाही नाही. पोळी तोडली, भाजीला लावली, तोंडात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासऱ्यांना आणि पोरीला घेऊन जुन्या तटाभोवतीच्या बागेत गेले. शहराला तटबंदी आहे हे ऐकून त्यांची कळी खुलली होती. प्रत्यक्ष बघितल्यावर म्हणाले, "हा कसला किल्ला? सपाट! म्हशीसुद्धा चढतील." बागेत जंगली चेस्टनटच्या फळांचा खच पडला होता. ती खायची नसतात, पण पोरं वेड्यासारखी गोळा करतात, आगकाड्या खुपसून त्यांची जनावरं करतात. पोरगी म्हणाली, त्या बाकापर्यंत शर्यत. आबा, म्हणजे सासरे, पळाले. चारसहा पावलांतच त्यांचा डावा पाय मागे राहिला. उचललाच जाईना, पानांतून फरफटत आला. बाकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मुद्दाम हरलो." पोरीला खरं वाटलं. मला नाही.

त्यानंतर मी बघतच राहिले. चहाचा कप डाव्या हातात धरला की बशी वाजायची. जिना उतरताना डावी सपात जायची निसटून. पुढे पुण्यात डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, तुमचा इन्शुरन्स आहे, इथल्या डॉक्टरला एकदा दाखवू या." तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. एकदा त्याच्याबरोबर वर जाऊन येऊ दे मला. शेपूट न होता. मग दाखवा कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते."

म्हणजे बघा. पाय उचलत नाही, पण चिंता कसली, तर आपल्याच नियमात आपण सापडू नये याची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

मी मात्र सांगितलं. असली वचनं पाळणाऱ्यांतली मी नव्हे. त्याच्या आधी एक छोटी फेरी होऊन गेली होती, गावाजवळच्या आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात. पांढरे सुळके, खाली नदी, बीच नावाची झाडं तांब्याच्या भांड्यासारखी झालेली. चढ असा नव्हताच, तरी सासरे मागे राहिले. माझ्याही मागे. वर लाकडी टेबलावर डबे उघडले आणि नवरा शांतपणे म्हणाला, "बाबा, शेपूट."

मी म्हटलं, "पुरे हं आता!"

तर सासरेच माझ्यावर खेकसले. "नियम म्हणजे नियम. तू मध्ये पडू नकोस." आणि आमच्याकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून बसले. टोपीखाली मान ताठ. आमचं खाऊन झाल्यावर अर्धं थालीपीठ आणि दह्याचं पाणी उरलं होतं ते खाल्लं. मी त्यांच्यासाठी डब्यात वेगळं झाकून ठेवलेलं आख्खं थालीपीठ पुढे केलं, ते हातानेच सारलं. मग आमचे डबे घेऊन नळावर गेले. घासताना डावा हात थरथरत होता, झाकण दोनदा पडलं. पोरगी टेबलावर कोपरं टेकून हे सगळं बघत होती. सिनेमा बघावा तशी, डोळे विस्फारून.

त्या आठवड्यात नवरा मोठ्या डोंगराची तयारी करायला तळघरात उतरला, मी मागोमाग गेले. जर्मनीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक जाळीची खोली मिळते. आमच्यात सायकली, थंडीचे टायर, बूट. तिथला दिवा बटण दाबलं की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. मी त्याला पायाचं सांगितलं, बशीचं सांगितलं, बागेतलं सांगितलं. म्हटलं, "तुझे बाबा आजारी आहेत. त्यांना डोंगरावर नेऊ नकोस."

तो बुटांना मेण लावत होता. म्हणाला, "माहितीय मला. मला डोळे नाहीत का?"

"मग?"

"मला दमा होता," तो म्हणाला. "त्यांनाही डोळे होते."

मग त्याने मला त्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला, जो जेवणाच्या टेबलावर कधी सांगितला जात नाही. त्या दिवशी गडावर तो शेपूट झालाच नव्हता. त्याची आई मुद्दाम मागे राहिली होती. चपलेत खडा गेला म्हणून पायरीवर बसली आणि त्याला म्हणाली, जा तू पुढे. हा तिच्या आधी वर पोचला. बाबांनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा खालून येणाऱ्या तिच्याकडे. आणि म्हणाले, दुसऱ्याच्या मेहेरबानीने वर आलेला मोजला जात नाही. परत खाली जा पहिल्या दरवाज्यापर्यंत आणि स्वतःच्या पायाने वर ये. हा गेला. छाती वाजत होती, डोळ्यांपुढे काळं येत होतं. पुन्हा वर आला तेव्हा सगळ्यांचं जेवण झालं होतं. बाबांनी खरवड पुढे केली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शाबास.

एवढ्यात दिवा विझला. बटण त्याच्या हाताशी होतं. त्याने दाबलं नाही.

"आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. भांडी घासली."

मला रडू आलं, ते त्याच्यासाठी की सासूबाईंसाठी, कोण जाणे. मी म्हटलं, "अरे, पण म्हणून तू..."

"मी काही करत नाहीये," अंधारातून त्याचा आवाज आला, अगदी सरळ, ऑफिसच्या फोनवर बोलतो तसा. "डोंगर त्यांना हवाय. नियम त्यांचाय. मी फक्त गाडी चालवणार आहे."

रविवारी निघालो. म्युनिक मागे टाकून टेगर्नझे तलावाच्या वरच्या एका डोंगराशी गाडी लावली. वर एक झोपडीवजा हॉटेल असतं, ऑक्टोबर संपला की बंद होतं. चढणाऱ्यांना तिथे गरम सूप मिळतं. गाई केव्हाच खाली गेल्या होत्या, कुरणं मोकळी. खाली लख्ख ऊन, आणि वर अर्ध्या डोंगराला ढगांची गोधडी. सासऱ्यांनी हंटर शूज घातले होते. मी माझ्या चालायच्या काठ्या पुढे केल्या तर म्हणाले, "त्या म्हाताऱ्यांना दे."

"बाबा, पानं ओली आहेत."

"सह्याद्रीत पावसाळे काढलेत आम्ही. ही पानं काय करतात!"

जे करायचं ते पानांनी केलंच. जंगलातला पहिला चढ संपेपर्यंत ते दोनदा हातांवर आपटले. नवरा आणि पोरगी कधीच पुढे निघून गेले होते, तिचा लाल कोट झाडांतून मधूनच दिसायचा. मी सासऱ्यांच्या मागे. माझा बेत पक्का होता. आज शेपूट मीच होणार. सासूबाईंनी खडा काढला तसा मी काहीतरी काढीन, पण या माणसाला माझ्या पोरीसमोर पुन्हा पाठ करून बसवू देणार नाही. खरं सांगते, त्यांची दया आली म्हणून नव्हे. थोडी आली असेल. पण तिने ते पुन्हा बघू नये, हे मुख्य.

ढगात शिरलो. एकदम गार, आणि चार हातांवरचं दिसेना. वाट कुरणातून वळणं घेत चालली होती. एका फाट्यावर वाटेची पिवळी पाटी आली, हॉटेल पंधरा मिनिटं म्हणून. जर्मन पंधरा मिनिटं. आमची दुप्पट. सासरे आता पाय टाकत नव्हते, ओढत होते. श्वासाला आवाज येत होता. फुस्स, फुस्स. मला एकदम खिचडीची गोष्ट आठवली.

वरून माणसांचे आवाज ऐकू आले तशी मी खाली बसले. "बाबा, नाडी सुटली. तुम्ही व्हा पुढे."

ते थांबले. माझ्या बुटांकडे बघितलं. नाडी घट्ट बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कळलं. ज्या माणसाने ही युक्ती पकडून स्वतःच्या पोराला पुन्हा खाली धाडलं होतं, त्याला कळणार नाही तर कुणाला? त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता ओरडणार. पण नाही. ते वळले आणि पुढे गेले.

मी वर पोचले तेव्हा तिघं अंगणातल्या बाकाशी होते. सासरे टेबलाला धरून उभे, तोंड पांढरं, पण ओठांवर चक्क हसू. "सूनबाई शेपूट!" मला बघून म्हणाले. हो, म्हणाले. मी म्हटलं, "हो बाई, मी शेपूट. बसा आता सगळे."

नवरा बसला नाही. माझ्या बुटांकडे त्याचीही नजर गेली. "आईपण असंच करायची," तो म्हणाला. मग बापाकडे वळला. "बाबा, अशा वेळी नियम काय आहे?"

पोरगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"परत खाली जायचं," सासरे म्हणाले. "आणि स्वतःच्या पायाने वर यायचं."

"कुठपर्यंत?"

"तूच सांग."

"त्या पिवळ्या पाटीपर्यंत."

माझं डोकं सणकलं. बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या इतक्या मोठ्याने मी ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं? सत्तरीचा माणूस आहे तो! पाय चालत नाही त्यांचा!"

"मी दहा वर्षांचा होतो," नवरा म्हणाला. आवाज चढला नाही.

आणि सासऱ्यांनी टोपी नीट केली. "तू मध्ये पडू नकोस," मला म्हणाले आणि निघाले. मी त्यांच्या मागे धावले तर वळून बोट रोखलं. "तू आलीस तर पुन्हा पहिल्यापासून." मी तिथेच खिळले. ढगात आधी बूट गेले, मग कोट, मग टोपी.

पोरीला वाटलं, खेळ आहे. "नोखमाल, आबा!" ती टाळ्या वाजवत ओरडली. पुन्हा एकदा, आबा!

आम्ही मागवलेलं कायझरश्मार्न आलं. म्हणजे जाड गोड धिरडं, तोडून तुकडे केलेलं, मनुका घातलेलं, वर पिठीसाखर. चार काटे. नवऱ्याने काटा हातात घेतला नाही, वाटेकडे तोंड करून बसून राहिला. त्याचे जबडे हलत होते, तोंडात काही नसताना. मी म्हटलं, "अजून वेळ गेली नाही, जा, घेऊन ये त्यांना." तो हलला नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईची शपथ." तर म्हणाला, "तिचं नाव घेऊ नकोस." पोरगी एकटीच खात होती. तिला मनुका आवडत नाहीत. एकेक मनुका काट्याने काढून ताटाच्या कडेला ठेवत होती, व्यवस्थित.

एक जर्मन म्हातारा-म्हातारी काठ्या टेकत वर आले. म्हातारी आमच्याकडे बघून थांबली. खाली पाटीजवळ एक गृहस्थ पानांत बसलेत, म्हणाली. तुमचेच का?

"हो," नवरा जर्मनमध्ये म्हणाला. "येतायत ते."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलेच. आता पहिल्यापासून तर पहिल्यापासून, काय व्हायचं ते होऊ दे. अंगणाच्या टोकाशी पोचले आणि ते दिसले. ढगातून वर येत होते. दोन्ही हातांनी डावी मांडी उचलायची, पाय पुढे ठेवायचा, उजवा त्याच्याशी आणायचा. पुन्हा मांडी उचलायची. गुडघ्याला चिखल, पाठीला पानं चिकटलेली, टोपी कुठेतरी पडलेली. मी हात दिला, तो त्यांनी बाजूला केला. माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता, टेबलापर्यंत गेले आणि बसायला वाकले.

"हाल्ट!"

पोरगी बाकावर उभी राहिली होती. हात वर केलेला, ट्रॅफिक पोलिसासारखा. "आबा शेपुत," ती म्हणाली आणि बोटाने दाखवलं, तिकडे, पाठ करून.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बाकाच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले. पानं तशीच पाठीला. पोरीने शेवटचे दोन तुकडे सावकाश खाल्ले. माझ्या डोळ्यांदेखत, आबांना ताटकळत ठेवून, चावून चावून. मग ताट उचललं, त्यांच्यासमोर नेऊन ठेवलं. ताटात कडेला ठेवलेल्या मनुका होत्या, आणि थोडी पिठीसाखर. बस.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मनुका तिने बाजूला काढून ठेवल्या होत्या तेव्हापासून तिच्या मनात होतं ते.

सासऱ्यांनी एक मनुका उचलली. हात थरथरत होता, ती पडली. दुसरी उचलली, खाल्ली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते वळले तर हसत होते. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. "तयार झाली हो पोरगी!" मुलाला म्हणाले. "अगदी तयार झाली! आपल्याच घरातली!"

आणि नवरा हसला. ते आल्यापासून पहिल्यांदा. हसत हसत उठला, बापाच्या पाठीवरची पानं झाडली, तिथेच थाप मारली आणि म्हणाला, "शाबास, बाबा." दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. पोरीला मध्ये घेतलं. तिला का ते कळलं नसेल, पण आपण काहीतरी फार चांगलं केलं, एवढं कळलं. तिचा चेहरा असा फुलला होता, की मी कितीदा घास भरवूनही तो तसा कधी फुलला नव्हता. खाण तशी माती म्हणतात. मी त्या खाणीत बाहेरून आलेली, मला कोण विचारतं. त्या क्षणी मला दोघा बापलेकांना उचलून दरीत फेकून द्यावंसं वाटत होतं.

उतरताना नवऱ्याने आपल्या काठ्या बापाला दिल्या. त्यांनी मुकाट घेतल्या. त्याने त्यांचं कोपर धरलं होतं. निसरडं आलं की म्हणायचा, "सांभाळा, इथे पाय द्या." एवढ्या मऊ आवाजात तो बापाशी बोललेला मी कधी ऐकला नव्हता. दोघं गप्पा मारत होते, कुठल्या गडावर पाणी कसं होतं, कोण कसा घसरला होता. मधूनच हसणं. मी सगळ्यांचं सामान घेऊन मागून येत होते. माझे गुडघे उतारावर बोलतात. आणि खरं तर मला त्यांच्या जवळ चालायचंच नव्हतं.

खाली पार्किंग दिसलं तेव्हा पोरगी थांबून माझ्याकडे बघत उभी होती. बरं वाटलं. म्हटलं, आईसाठी थांबली पोर. मी जवळ आले तशी ती वळून पळाली, गाडीला हात लावला आणि ओरडली, "मामा शेपुत!"

गाडीत बसलो. ते दोघं पुढे, आम्ही दोघी मागे. मी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. सूप मागवायचं राहूनच गेलं होतं. बेसनाच्या लाडवांचा डबा पोरीच्या मांडीवर होता. आदल्या दिवशी मीच वळलेले. तिने एक लाडू पुढे आबांना दिला, एक बापाला दिला, एक स्वतः घेतला आणि झाकण लावलं. खट्कन.

"दे गं," मी हात पुढे केला.

तिने डबा छातीशी धरला. "रेगेल इस्ट रेगेल, मामा." नियम म्हणजे नियम.

एरवी मी तो डबा हिसकावून घेतला असता. माझा डबा, माझे लाडू, आणि समोर माझीच पोर. पण मी हात तसाच पुढे ठेवला आणि पुढच्या दोन डोक्यांकडे बघत राहिले. म्हटलं, दोघांपैकी एक तरी आता म्हणेल, दे आईला. एकाने दहाव्या वर्षी सोसलं होतं, एकाने आजच. दोघांनाही उपाशी पोटी पाठ करून बसणं म्हणजे काय ते माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. आरशात नवऱ्याचे डोळे दिसले. त्याने बघितलं. सासऱ्यांनीही मान जराशी मागे वळवली.

मग नवऱ्याने इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. सासरे लाडू खात होते. "बेसन छान भाजलंय," म्हणाले.

मी हात मागे घेतला. घरी आल्यावर डबे घासले.